उन्हाने माणूस दगावला, तर जबाबदार कोण?

उष्माघातावरील मागचे दोन लेख वाचून रोह्याकडच्या एका वाचकांनी पत्र पाठविले आहे. ते लिहितात, "डॉक्टरसाहेब, उष्माघात कसा होतो आणि तो झाल्यावर काय करावे, हे आपण समजावून सांगितलेत. पण खारघरला चौदा माणसे गेली, तेव्हा आमच्या आळीत सगळे म्हणाले की ऊनच तसे होते, कोणाला दोष देणार? उन्हावर गुन्हा दाखल करता येतो का?"

पत्रातील शेवटचा प्रश्न उपरोधाने विचारलेला असला, तरी तो मला महत्त्वाचा वाटतो. मी वकील नाही. परंतु सरकारी नोकरीत असताना ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदने केली आहेत, कोर्टात साक्षीला उभा राहिलो आहे आणि उलटतपासणीत घामही गाळला आहे. मृत्यूचे वैद्यकीय कारण आणि मृत्यूची कायदेशीर जबाबदारी या दोन गोष्टींत किती अंतर असते, हे तेथे कळते. आजचा लेख त्या अंतराविषयी आहे.

रायगडच्या वाचकांना खारघरची घटना सविस्तर सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील माणसे त्या दिवशी तेथे होती. १६ एप्रिल २०२३, रविवार. रेवदंड्याचे आप्पासाहेब धर्माधिकारी यांना राज्य शासनाचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर झाला. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते पुरस्कार दिला गेला. लाखो श्रीसदस्य आले होते. अनेक जण आदल्या रात्रीपासून, तर काही पहाटेपासून जागा धरून बसले होते. व्यासपीठावर छत होते, समोर बसलेला जनसमुदाय उघड्या आभाळाखाली होता. कार्यक्रम सकाळी सुरू होऊन भर दुपारपर्यंत चालला. तापमान ३८ अंश सेल्सियसच्या आसपास होते. माणसे कोसळू लागली, कामोठे आणि परिसरातील रुग्णालयांत हलविली गेली. मृतांचा आकडा वाढत वाढत चौदावर गेला. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली. अतिरिक्त मुख्य सचिव नितीन करीर यांची एकसदस्यीय समिती नेमली गेली. दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असेही शासनाने त्याच आठवड्यात ठरविले. विरोधी पक्षांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवा, अशी मागणी केली.

आता ३८ अंश म्हणजे काय मोठेसे, असे विदर्भातील माणूस म्हणेल. चंद्रपूरला ४५ अंशांत व्यवहार चालतात. इथेच फसगत होते. आपले शरीर घाम वाळवून थंड होते. चंद्रपूरची हवा कोरडी, तेथे घाम लगेच वाळतो. पनवेलच्या खाडीकडची हवा दमट, घाम निथळतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीर थंड करीत नाही. त्यात माणसाला माणूस खेटून बसलेला, वारा लागत नाही. चार-पाच तासांत शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेले, की मेंदू बिघडू लागतो. माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात, शुद्ध जाते. मग मूत्रपिंड, यकृत, रक्त गोठण्याची क्रिया, सारे एकामागून एक कोलमडते. बेशुद्ध झाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड केले तर बरेच रोगी वाचतात. म्हणजे सावली, पाणी, बर्फ, पंखे आणि गर्दीतून रुग्णवाहिका बाहेर निघू शकेल असा मोकळा रस्ता, एवढ्यावर जीव आणि मरण ठरते. यात महागडे असे काहीच नाही.

कायदा पहिला प्रश्न हाच विचारतो. जे घडले त्याची कल्पना समंजस माणसाला आधी येऊ शकत होती काय? आणि येऊ शकत होती, तर ते टाळण्यासाठी जेवढे करणे वाजवी होते, तेवढे केले काय? निष्काळजीपणा या शब्दाचा कायद्यातील अर्थ इतका साधा आहे. 'देवाची करणी' ही पळवाट कायद्याने फारच अरुंद ठेवली आहे. वीज पडली, भूकंप झाला, तर ती देवाची करणी. एप्रिल महिन्यात दुपारी ऊन तापणे याला कोणतेही न्यायालय दैवी आपत्ती म्हणेल, असे मला तरी वाटत नाही. शिवाय ही माहिती कोणापासून लपलेली नव्हती. २०१० सालच्या भयंकर उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. मेळावे, यात्रा, सभा यांतील गर्दी कशी सांभाळावी, याची मार्गदर्शिका राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये काढली. उष्णतेच्या लाटेसंबंधीच्या मार्गदर्शक सूचनाही त्यांनी २०१६ मध्ये दिल्या. माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहत नाही.

खारघरनंतर आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली होती, ती वाचून मी अस्वस्थ झालो होतो. शवविच्छेदनात बहुतेकांचे पोट रिकामे आढळले, कित्येक तास त्यांनी काही खाल्लेले नव्हते, असे ते वृत्त होते. हे खरे असेलही. उपाशी आणि तहानलेले शरीर उन्हापुढे लवकर हात टेकते. पण त्यावरून 'मग चूक त्यांचीच' असा अर्थ चहाच्या टपरीवर काढला गेला, तो मला पटला नाही. कायद्यात सहभागी निष्काळजीपणा नावाची गोष्ट आहे. जखमी माणसाचाही दोष असेल, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. तथापि त्याच्या जोडीला दुसरे एक जुने तत्त्व आहे. ज्याला इजा झाली तो आधीच नाजूक होता, ही सबब इजा करणाऱ्याला चालत नाही, तो जसा असेल तसा त्याला स्वीकारावा लागतो. लाखो माणसे बोलावणाऱ्याला हे ठाऊक असतेच की, त्यांत म्हाताऱ्या असतील, मधुमेही असतील, रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारे असतील, उपवास करणारे असतील. आपल्याकडच्या बायका लघवीला जाण्याची सोय नाही म्हणून दिवस दिवस पाणी पीत नाहीत, हे तर कोणत्याही बसस्थानकावर दिसते. त्यांना गृहीत धरूनच व्यवस्था करायची असते.

आता फौजदारी भाग. त्या वेळी भारतीय दंड विधान लागू होते. त्यातील ३०४-अ कलम म्हणजे बेपर्वाईने किंवा निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे, जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षे. त्याहून गंभीर ते सदोष मनुष्यवधाचे ३०४ कलम. त्यात आपल्या कृत्याने मृत्यू होण्याचा संभव आहे, याची आरोपीला जाणीव होती, हे सिद्ध करावे लागते. शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. आंदोलक नेहमी सदोष मनुष्यवधाची मागणी का करतात, याचे कारण या फरकात आहे. भोपाळच्या वायुकांडात हेच झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोप ३०४-अ वर आणले आणि हजारो मृत्यूंनंतर २०१० मध्ये दोषींना मिळाली ती दोन वर्षांची शिक्षा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना असे घडले, तर ती दोन वर्षांपर्यंतच आहे. मृत्यू न होता गंभीर इजा झाली, तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण नवा वाढीव दंड जुन्या घटनेला लावता येत नाही. २०२३ च्या घटनेचा विचार २०२३ च्या कायद्यानेच होतो.

फौजदारी न्यायालयात आणखी एक अडसर असतो आणि तो मुंबईच्याच एका खटल्याने पक्का केला. १९६२ मध्ये एका रंगाच्या कारखान्याला आग लागून सात कामगार मरण पावले. परवान्याच्या अटी पाळलेल्या नव्हत्या, व्यवस्थापकाने खबरदारी घेतलेली नव्हती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने ३०४-अ खाली त्याला दोषी धरले नाही. गरम रसायनात टर्पेंटाइन घाईने ओतण्याची चूक दुसऱ्याची होती आणि मृत्यूचे निकटचे, थेट कारण ती होती, असे न्यायालयाने म्हटले. आगीबाबतच्या निष्काळजीपणाची शिक्षा मात्र कायम राहिली. म्हणजे नुसता नियमभंग पुरत नाही, त्या माणसाच्या त्या चुकीने हा मृत्यू झाला, असा धागा जुळावा लागतो. मोठ्या सोहळ्यात हा धागा कोठे जोडणार? वेळ एकाने ठरविली, मैदान दुसऱ्याने, पाण्याचे टँकर तिसऱ्याने. शिवाय सरकारी अधिकाऱ्याने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर शासनाची पूर्वपरवानगी लागते. दोष सर्वांमध्ये वाटला गेला, की प्रत्येकाच्या वाट्याचा इतका बारीक होतो की फौजदारी चिमट्यात सापडत नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, सामान्य कुटुंबाने केवळ गुन्ह्याच्या मागे लागू नये. दिवाणी जबाबदारीचा रस्ता अधिक रुंद आहे. तेथे पुरावा संशयातीत लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय, एवढे पाहतात. आणि तेथे 'आम्ही काम कंत्राटदाराला दिले होते' हे उत्तर चालत नाही. याचे चांगले उदाहरण मेरठचे. १० एप्रिल २००६ रोजी तेथील व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंचे प्रदर्शन भरले होते, मंडपाला आग लागून ६५ माणसे मेली. आयोजकांनी मंडपवाल्याकडे बोट दाखविले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की, लोकांना बोलावणारे तुम्ही, फायदा तुमचा, तेव्हा जबाबदारीही तुमची. सरकारी यंत्रणांनी परवानगी आणि तपासणी यांत कसूर केली म्हणून राज्यही सुटले नाही. भरपाईचा ६० टक्के भार आयोजकांवर आणि ४० टक्के उत्तर प्रदेश शासनावर टाकला गेला. यात सोळा वर्षे गेली, हेही सांगितले पाहिजे.

आयोजक खुद्द सरकार असेल तर? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यातील एका जुन्या प्रकरणात सापडते आणि ते माझ्या व्यवसायातील असल्याने मला ते विसरता येत नाही. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहिला. पू झाला, पुन्हा पोट उघडले, बाई वाचली नाही. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण सरकारी रुग्णालय चालविणे हे सार्वभौम कार्य, त्यासाठी सरकारवर दावा चालत नाही, असा दृष्टिकोन तेव्हा होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. रुग्णालय चालविणे हे काही सैन्य ठेवण्यासारखे सार्वभौम काम नव्हे, नोकराच्या चुकीला मालक म्हणून सरकार जबाबदार आहे, आणि पोटात टॉवेल राहिला यातच निष्काळजीपणा दिसतो, असे न्यायालयाने ठरविले. ३६ हजार रुपये मिळण्यास तेहतीस वर्षे. पण त्या घराण्याच्या चिकाटीमुळे नंतरच्या शेकडो रुग्णांचा मार्ग मोकळा झाला. रुग्णालय चालविणे सार्वभौम कार्य नाही, तर पुरस्कार समारंभ भरविणे तसे कसे ठरेल?

डॉक्टर मंडळींना यातून वगळतो आहे असे कोणी समजू नये. उष्माघाताचा रोगी मैदानातून दवाखान्यात आला, की साखळीची पुढची कडी आमची. आमचे कर्तव्य काय, हे कोकणातल्याच एका दुर्दैवी तरुणामुळे ठरले. मे १९५३ मध्ये गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले. गावात लाकडी फळ्या बांधून, त्या वेळच्या रस्त्यांवरून त्याला पुण्यास नेले. तेथे पुरेशी भूल न देता पाय ओढून हाड बसविले गेले. त्याच रात्री तो गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरांना जबाबदार धरले आणि तीन कर्तव्ये सांगितली. रोगी घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवा, कोणते उपचार द्यायचे हे काळजीपूर्वक ठरवा, आणि ते उपचार काळजीपूर्वक करा. त्यात रोगी बरा झालाच पाहिजे, असे चौथे कर्तव्य नाही. रोगी दगावला म्हणजे डॉक्टर दोषी, ही समजूत चुकीची आहे आणि त्यापोटी दवाखान्याच्या काचा फोडणे त्याहून चुकीचे. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यानंतर डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यावे लागते आणि चूक ढोबळ, अक्षम्य स्वरूपाची असावी लागते. मात्र उष्माघाताच्या बेशुद्ध रोग्याला थंड न करता सलाईन लावून कोपऱ्यात ठेवले, तर ते आमच्या अंगाशी येऊ शकते आणि यावेही.

आता एक अगदी बारीक पण मोलाची बाब सांगतो. उष्माघाताने मेलेल्या माणसाच्या शवविच्छेदनात 'हा उष्माघातच' असे छातीठोकपणे सांगणारी खूण सापडत नाही. सूज, रक्तस्राव, अवयवांतील रक्तसंचय हे सारे इतर कारणांनीही होते. निदान ठरते ते दोन गोष्टींवरून, माणूस कोणत्या परिस्थितीत कोसळला आणि दाखल होताना त्याचे तापमान किती होते. केसपेपरवर पहिल्या पाच मिनिटांत लिहिलेली तापमानाची ती एक ओळ पुढे दहा वर्षांनी न्यायालयात उभी राहते. ती नसेल, तर समोरचे वकील 'आधीपासून हृदयविकार होता' असे म्हणतात आणि त्यांना खोडून काढणे कठीण जाते. माझ्या तरुण सहकाऱ्यांना म्हणूनच सांगतो, तापमापी आधी, सलाईन नंतर. आणि नातेवाइकांनो, केसपेपरच्या नकला मागा. लेखी मागितल्यापासून ७२ तासांत त्या देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रतीही मिळवा. रडण्याच्या दिवसांत कागद गोळा करणे जिवावर येते, हे मी पाहिलेले आहे. घरातील एखाद्या शांत भाच्याला किंवा जावयाला ते काम नेमून द्यावे.

पत्रलेखकांनी आणखी एक विचारले आहे, सरकारने ५ लाख दिले म्हणजे हिशेब मिटला ना? नाही. त्या रकमेला सानुग्रह मदत म्हणतात. कृपा म्हणून दिलेली ती रक्कम, तिच्यात चुकीची कबुली नसते. भरपाई ही हक्काची असते आणि ती मृताचे वय, कमाई, मागे राहिलेली मुले यांवरून ठरते. मदत स्वीकारल्याने भरपाईचा हक्क आपोआप जात नाही. फक्त कशावर सही करतो आहोत ते वाचून करावी. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलबाबत हा फरक नीट समजून घेतला. अशा अपघातात मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत द्यावेत आणि ती रक्कम दोषी अधिकारी वा कंत्राटदारांकडून वसूल करावी, असे सांगताना, पीडितांचे कायद्यातील इतर मार्ग खुले राहतात हेही स्पष्ट केले. महापालिका, नगरपरिषदा आणि रस्ते सांभाळणाऱ्या संस्थांना हा आदेश लागू आहे. वाशी-पनवेलकडे रोज दुचाकीवरून नोकरीस जाणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. उन्हासाठी असा आदेश अद्याप माझ्या पाहण्यात नाही.

मुदतीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मृत्यूबद्दल वारसांनी भरपाईचा दावा लावण्याची मुदत दोन वर्षे. खासगी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जायचे तरी दोनच वर्षे. सरकारविरुद्ध दिवाणी दावा असेल, तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे चौकशी समितीचा अहवाल येईल, मग पाहू, असे म्हणत थांबलेल्यांची ती साधी मुदत १६ एप्रिल २०२५ रोजीच निघून गेली. उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग अशा ठरावीक मुदतीने बांधलेला नसतो. जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग झाला म्हणून शासनाकडून भरपाई देववण्याचा अधिकार न्यायालयांनी १९९३ च्या नीलबती बेहरा खटल्यासारख्या प्रकरणांत वापरला आहे. उशीर का झाला, हे तेथेही समजावून सांगावे लागतेच.

खर्चाची भीती वाटत असेल, तर अलिबागला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि सामूहिक आपत्तीत सापडलेले लोक यांना तेथे उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. साधा अर्ज करायचा असतो. जाताना मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवालाची प्रत आणि केसपेपर, एवढे बरोबर न्यावे.